इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) वाचताना कळतं, पेपरात मात्र पुन्हा तिथेच घोळ होतो: बिघाड नेमका कुठे आहे?

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. वाचताना सगळं कळतं, पण पुस्तक मिटलं की टी-पेशी आणि बी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एकमेकींत मिसळतात. हायपरसेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकी प्रतिक्रियांचे, चार प्रकार आलटूनपालटून आठवतात. पेपरात दोन पर्यायांपाशी गाडी अडते आणि नेमका चुकीचा निवडला जातो. नर्सिंग असो, फिजिओथेरपी असो, लॅब टेक्नॉलॉजी असो की फार्मसी, या विषयाला आलं की हेच. दुसऱ्यांदा वाचा, तिसऱ्यांदा वाचा, चूक तीच राहते आणि जागाही तीच.

मी स्वतः याच पेपरात एकदा अडकले होते. नंतर बरीच वर्षं हाच विषय शिकवते आहे आणि चुकलेल्या उत्तरपत्रिका जपून ठेवते. त्या शेजारी-शेजारी मांडल्या की दिसतं, चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नसतात, ठरावीक चार-पाच जागी साचलेल्या असतात. त्या जागांचं मूळही बहुतेक वेळा एकच असतं: विद्यार्थ्याला पात्रं पाठ असतात, पण प्रसंग माहीत नसतो. न्यूट्रोफिल (जखमेकडे धावणारी पांढरी पेशी) म्हणजे काय ते तो सांगतो. न्यूट्रोफिल किती तासांनी येतो, कोणाच्या बोलावण्यावरून येतो, त्याच्याआधी तिथे कोण हजर होतं, हे विचारलं की गप्प होतो. यात त्याचा दोष थोडाच आहे. पुस्तकाची मांडणीच तशी असते: एक प्रकरण पेशींचं, एक अँटीबॉडींचं (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचं), एक कॉम्प्लिमेंटचं (रक्तातल्या मदतनीस प्रथिनांच्या साखळीचं). शरीरात ही सगळी मंडळी एकाच प्रसंगात एकामागून एक येतात, आणि प्रश्नपत्रिका विचारते ते प्रसंगाबद्दल.

म्हणून "पाठांतर कमी पडतंय" असं ठरवून आणखी पाठांतर करू नका. आधी बिघाड शोधा.

आधी ही तपासणी करा

एक कोरा कागद घ्या, पुस्तक बंद करा आणि पंधरा मिनिटं लावा. प्रश्न एवढाच: बोटात काटा घुसला, काट्यावर जिवाणू होते, पुढच्या दहा दिवसांत शरीरात काय-काय घडतं ते क्रमाने लिहा.

एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर बसून लिहिलं होतं: "मॅक्रोफेज अँटिजेन ओळखतात आणि बी-पेशी अँटीबॉडी तयार करतात." मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, अँटिजेन म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिकार होतो तो पदार्थ. वाक्याचे दोन्ही तुकडे बरोबर आहेत. पण मधल्या त्या "आणि"मध्ये जवळजवळ एक आठवडा गडप झाला होता, आणि बोटापासून काखेपर्यंतचा सगळा प्रवासही. मी त्या "आणि"भोवती गोल केला आणि एवढंच विचारलं, "इथे काय झालं?" ती बराच वेळ पेन धरून बसली. मग म्हणाली, "मॅडम, अँटिजेन तिथपर्यंत पोहोचलं कसं, हेच मला माहीत नाही." तिचा बिघाड सापडला तो तिथे. त्याआधी दोन महिने ती अँटीबॉडींचे पाच वर्गच पुन्हा-पुन्हा घोकत होती, आणि ते तर तिला मुळात येतच होते.

तुमचं लिखाण झालं की लाल पेन घ्या. वेळ लिहिलेली नसेल तिथे खूण करा. जागा लिहिलेली नसेल तिथे खूण करा. आणि "मग", "नंतर", "आणि" लिहून पुढे सरकलात, पण कशामुळे ते लिहिलं नाहीत, तिथेही खूण करा. जिथे खुणा दाटतील तेवढंच वाचायचं आहे, अख्खं प्रकरण नाही.

काट्याची गोष्ट, घड्याळ लावून

काटा मी उगाच निवडलेला नाही. १८८२ साली मेसिना इथे इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. पेशीभक्षणाची कल्पना तिथून उभी राहिली. पुढे १९०८ मध्ये त्यांना आणि पॉल एर्लिक यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं: एकाचा भर पेशींवर, दुसऱ्याचा रक्तातल्या द्रव्यांवर. आज आपण ज्याला जन्मजात आणि अर्जित प्रतिकार म्हणतो, त्याची बरीचशी चर्चा या दोन टोकांमधून वाढत गेली.

आता तुमच्या बोटाकडे वळू. पहिली काही मिनिटं. त्वचेखाली मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी आधीपासून राहायलाच असतात, त्यांना कुठून यावं लागत नाही. जिवाणूंच्या अंगावरची ठरावीक रचना त्यांना टोल-लाइक रिसेप्टरमुळे (पेशीवरच्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांमुळे) ओळखता येते. हा जिवाणू कुठला, हे त्यांना कळत नाही, "हे आपलं नाही" एवढं कळतं. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त जास्त येतं, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतीतल्या फटी वाढतात, द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिनमुळे ठणका. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली होती. ती पाठ असून उपयोग नाही. प्रत्येक लक्षणाच्या मागची घटना सांगता आली पाहिजे. "सूज कशामुळे?" या प्रश्नाला "हिस्टामिनमुळे" हे अर्धंच उत्तर झालं. "हिस्टामिनमुळे भिंत पाझरू लागली आणि प्रथिनयुक्त द्रव ऊतींत आला" हे पूर्ण उत्तर.

पुढचे काही तास न्यूट्रोफिलचे. ही पायरी सावकाश वाचा, कारण इथे हमखास प्रश्न येतो. वाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन (पेशीला धरून ठेवणारी प्रथिनं) उगवतात आणि न्यूट्रोफिल त्यांना अडखळत घरंगळतो. मग इंटिग्रिन या स्वतःवरच्या चिकट प्रथिनाने घट्ट चिकटतो, दोन पेशींच्या फटीतून बाहेर सरकतो आणि सी५ए, इंटरल्युकिन-८ या बोलावणाऱ्या रसायनांचा माग काढत काट्यापाशी पोहोचतो. घरंगळणं, चिकटणं, निसटणं, माग काढणं, असा हा क्रम. आता हा प्रश्न बघा: नवजात बाळाची नाळ फार उशिरा गळून पडली, वारंवार संसर्ग होतो, पण पू कधीच होत नाही, आणि रक्तात मात्र न्यूट्रोफिल भरपूर आहेत. कोणती पायरी तुटली आहे? पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. ते रक्तात आहेत आणि ऊतीत नाहीत, म्हणजे त्यांना वाहिनी सोडता येत नाही. इंटिग्रिनचा दोष. आजाराचं लांबलचक नाव आठवलं नाही तरी क्रम माहीत असला की उत्तरापर्यंत पोहोचता येतं.

एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल ओसरतात आणि रक्तातल्या मोनोसाइटपासून तयार झालेले नवे मॅक्रोफेज जागा घेतात. कचरा उचलायचा आणि दुरुस्तीला सुरुवात करायची, ही त्यांची कामं.

याच काळात बोटापासून दूर दुसरं नाट्य चाललेलं असतं, आणि पुस्तक ते दुसऱ्या प्रकरणात सांगतं. डेंड्रिटिक पेशीने जिवाणूचे तुकडे गिळलेले असतात. ते घेऊन ती लसिकावाहिनीतून काखेतल्या लसिका गाठीकडे जाते. वाचताना काखेला एकदा हात लावा आणि ही जागा लक्षात ठेवा. त्या गाठीत असंख्य टी-पेशी येत-जात असतात, आणि त्यांतल्या मोजक्याच या तुकड्याला जुळतात. जुळलेली टी-पेशी सापडते, विभागू लागते, तिच्या मदतीने जुळणारी बी-पेशी जागी होते. शोधायला आणि वाढायला दिवस लागतात, म्हणून अर्जित प्रतिकार सावकाश येतो. बोटाच्या जखमेने काखेत गाठ येते तीही यामुळेच. पहिल्या भेटीत साधारण आठवडाभराने आयजीएम वर्गाची अँटीबॉडी दिसू लागते, मग वर्ग बदलून आयजीजी येतं. त्याच जिवाणूशी पुन्हा गाठ पडली तर स्मृतिपेशी तयार असतात, त्यामुळे आयजीजी लवकर, भरपूर आणि अधिक घट्ट चिकटणारं मिळतं.

ही सगळी गोष्ट एका पानावर स्वतःच्या हाताने, न बघता लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका. एकदा ती आली की इम्युनोडेफिशियन्सीचं (प्रतिकारशक्तीच्या उणिवेचं) अख्खं प्रकरण एका प्रश्नात बसतं: गोष्ट कुठे तुटली? मुलगा सहा महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत होता, मग कानाचे आणि फुफ्फुसांचे जिवाणूसंसर्ग सुरू झाले. सहा महिनेच का? कारण तोवर आईकडून वारेवाटे (प्लॅसेंटामधून) आलेलं आयजीजी पुरतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे, ते हळूहळू संपतं आणि स्वतःचं बनत नाही. म्हणजे बी-पेशीच परिपक्व होत नाहीत. न्यूट्रोफिल पोहोचतो, गिळतो, पण मारू शकत नाही: क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. थायमस (टी-पेशी घडवणारी छातीतली ग्रंथी) नीट घडलाच नाही: डायजॉर्ज सिंड्रोम. कॉम्प्लिमेंटची शेवटची साखळी नाही: नायसेरिया जिवाणूंचा संसर्ग पुन्हा-पुन्हा. चार वेगळे आजार नव्हेत, एकाच गोष्टीतली चार तुटलेली पानं आहेत ही.

"टाइप दोन आणि तीन मला कधीच वेगळे करता येत नाहीत"

उत्तरपत्रिकांत सगळ्यांत जास्त लाल शाई इथे सांडते. जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये केलेली ही चार प्रकारांची विभागणी आपण उलट्या टोकाने शिकतो. आधी आजारांची यादी पाठ करतो आणि यंत्रणा नंतर चिकटवतो. यादी विसरली की हातात काहीच उरत नाही.

उदाहरण म्हणून पेनिसिलिन घ्या. "पेनिसिलिन म्हणजे टाइप एक" असं पाठ केलेला विद्यार्थी फसतो, कारण हे एकच औषध चारही प्रकार घडवू शकतं. काही मिनिटांत दम लागला आणि रक्तदाब कोसळला तर टाइप एक. औषध तांबड्या पेशींना चिकटलं आणि अँटीबॉडींनी त्या पेशी फोडल्या तर टाइप दोन. आठवडा-दीड आठवड्याने ताप, सांधेदुखी आणि पुरळ आले तर टाइप तीन. काही दिवसांनी टी-पेशींमुळे त्वचेवर पुरळ उठलं तर टाइप चार. आजाराच्या किंवा औषधाच्या नावावरून प्रकार ठरत नसतो.

दोन प्रश्न विचारा. पहिला: घड्याळ काय सांगतं? टाइप एक मिनिटांत, कारण आयजीई (ॲलर्जीत काम करणारी अँटीबॉडी) आधीपासून मास्ट पेशीवर बसलेलं असतं, फक्त अँटिजेन यायचा अवकाश. म्हणूनच पहिली भेट बहुधा शांत जाते आणि दुसऱ्या भेटीत स्फोट होतो. टाइप चारला साधारण ४८ ते ७२ तास, कारण इथे अँटीबॉडी नसतात. टी-पेशींना येऊन गोळा व्हावं लागतं आणि मॅक्रोफेजांना चेतवावं लागतं. मॉन्टू चाचणी (क्षयाची त्वचेवरची चाचणी) त्याच वेळात का वाचतात, हे वेगळं पाठ करायची गरज उरत नाही.

दुसरा प्रश्न दोन आणि तीन वेगळे करतो: अँटिजेन कुठे आहे? पेशीवर किंवा ऊतीवर पक्कं बसलेलं असेल आणि अँटीबॉडी तिथे जाऊन चिकटल्या तर टाइप दोन. रक्तात मोकळं फिरणारं असेल, अँटीबॉडींशी जोडून गठ्ठे झाले आणि ते भलत्याच ठिकाणी जाऊन अडकले तर टाइप तीन. मूत्रपिंडाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांसमोर आणा. गुडपाश्चर आजारात अँटीबॉडी थेट पायापटलालाच (पेशींखालच्या पातळ पडद्याला) चिकटतात, म्हणून भिंतीवर एकसारखा रंग फिरवावा तशी सलग रेषा दिसते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गानंतरच्या ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमध्ये (मूत्रपिंडाच्या गाळणीच्या दाहात) गठ्ठे इथे-तिथे अडकतात, चाळणीत गाळ बसावा तसे, म्हणून ठिपके दिसतात. रेषा आणि ठिपके, एवढं चित्र मनात पक्कं झालं की हा घोळ पुन्हा सहसा होत नाही. टाइप तीनमध्ये हे गठ्ठे कॉम्प्लिमेंट खर्च करतात, त्यामुळे सी३ (कॉम्प्लिमेंटमधलं एक प्रथिन) घटतं. केसमध्ये सी३ कमी लिहिलेलं असेल तर तिकडे लक्ष द्या.

टाइप दोनमध्ये आणखी एक फसवी जागा आहे. पेशी मेलीच पाहिजे असं नसतं. ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात अँटीबॉडी थायरॉइडच्या रिसेप्टरला चिकटून त्याला सतत चालू ठेवतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात स्नायूवरच्या रिसेप्टरचा मार्ग अडवतात आणि रिसेप्टर कमी करतात. "टाइप दोन म्हणजे पेशी फुटणं" एवढंच ज्यांनी पाठ केलं आहे ते इथे गडबडतात.

आरएच रक्तगटाचा प्रश्नही घड्याळ लावूनच सोडवा. आई आरएच निगेटिव्ह, पहिलं बाळ पॉझिटिव्ह, तरी बाळ सुखरूप. का? बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं ते बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी, तोवर बाळ बाहेर आलेलं असतं. शिवाय पहिल्या प्रतिसादात आधी आयजीएम बनतं, आणि पाच एकके जोडलेला तो मोठा रेणू वार ओलांडत नाही. दुसऱ्या गरोदरपणी स्मृतिपेशी आयजीजी बनवतात, आणि आयजीजी वार ओलांडतं. म्हणून अँटी-डी (आरएच विरुद्धच्या तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) वेळेत द्यायचं, आईच्या शरीराने ओळख पटवून घेण्याआधी. मग पुढचा प्रश्न येतो: एबीओ विसंगतीत पहिल्याच बाळाला त्रास का होऊ शकतो? कारण ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडी आईकडे गरोदरपणाआधीच असतात, आणि काही मातांमध्ये त्यांतला काही भाग आयजीजीचा असतो. दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नातून निघतात: अँटीबॉडी केव्हा बनली आणि ती कोणत्या वर्गाची आहे.

एमएचसी, कॉम्प्लिमेंट आणि ते इंटरल्युकिन

एमएचसी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे दाखवणारी प्रथिनं, आणि सीडी४, सीडी८ हे ते पाहणाऱ्या टी-पेशींचे दोन प्रकार. त्यासाठी आठाचा पाढा बहुतेकांना माहीत असतो: वर्ग दोन गुणिले सीडी४ बरोबर आठ, वर्ग एक गुणिले सीडी८ बरोबर आठ. चांगली युक्ती आहे, पण ती जोडी सांगते, कारण सांगत नाही. कारण असं की वर्ग एक म्हणजे पेशीच्या आत काय शिजतंय त्याचा दाराबाहेर लावलेला नमुना. आत विषाणू असेल तर त्याचा तुकडा बाहेर दिसतो, सीडी८ पेशी तो पाहते आणि ती पेशीच मारून टाकते. कुठलीही केंद्रक असलेली पेशी बिघडू शकते, म्हणून वर्ग एक त्या सगळ्यांवर असतो. परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, तिच्यावर तो नसतो. वर्ग दोन हा बाहेरून गिळून आणलेल्या मालाचा नमुना. तो दाखवायचं काम डेंड्रिटिक पेशी, मॅक्रोफेज आणि बी-पेशी करतात, आणि पाहणारी सीडी४ पेशी पुढची मदत बोलावते. विषाणूने लबाडी करून वर्ग एक लपवलाच तर? नमुना गायब झालेल्या पेशीला नैसर्गिक मारक पेशी हेरतात.

कॉम्प्लिमेंटवर फार वेळ घालवू नका. तीन दारं, मध्ये एकच खोली, बाहेर तीन कामं. दारं म्हणजे क्लासिकल, लेक्टिन आणि पर्यायी. खोली सी३. कामं अशी: सी३बी चिकटून जिवाणू गिळण्याजोगा करतं, सी३ए आणि सी५ए दाह वाढवतात, सी५बी ते सी९ जिवाणूच्या आवरणाला भोक पाडतात. सी४ हा सी२च्या आधी का येतो, यावर डोकं शिणवू नका. क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले आहेत, कामाच्या नाही.

इंटरल्युकिनची (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या रसायनांची) यादी पाठ करणं मला कधीच जमलं नाही, आणि ज्यांना जमतं त्यांच्याही ती परीक्षेपर्यंत टिकत नाही. नावं प्रसंगात बसवा. ताप म्हटलं की इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ (असंच आणखी एक निरोपाचं रसायन). यांच्यामुळे मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढतं आणि तापमानाचा काटा वर सरकतो. पॅरासिटामॉल ताप उतरवतं ते या प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेवर. ॲलर्जी म्हटलं की इंटरल्युकिन-४ आयजीईसाठी आणि इंटरल्युकिन-५ इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींसाठी. टी-पेशींची वाढ म्हटलं की इंटरल्युकिन-२. ब्रेक म्हटलं की इंटरल्युकिन-१०.

आणि क्षयरोग म्हटलं की इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ. इथे मात्र थांबा, कारण एकाच गाठीतून पुष्कळ प्रश्न सुटतात. क्षयाचा जिवाणू मॅक्रोफेजच्या आत जिवंत राहतो. टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा देऊन मॅक्रोफेजला बळ देतात, सगळे मिळून जिवाणूंभोवती तटबंदी उभी करतात. तोच ग्रॅन्युलोमा, आणि टीएनएफ ती तटबंदी टिकवून धरतं. आता संधिवाताच्या रुग्णाला टीएनएफ रोखणारं औषध सुरू करायचं आहे, तर आधी क्षयाची तपासणी का करतात? एचआयव्हीमध्ये सीडी४ पेशी घटत गेल्या की सुप्त क्षय का उसळतो? दोन वेगळ्या विषयांतले प्रश्न, पण दोन्हीकडे तटबंदीच ढासळते आहे.

आजाराची प्रक्रिया लिहिताना साखळी तुटते

पॅथॉलॉजीच्या दीर्घोत्तरांत गुण जातात ते बहुतेक वेळा लक्षणं आधी लिहिल्यामुळे. कारण, पहिला बदल, शरीराचा प्रतिसाद, त्या प्रतिसादाने झालेलं नुकसान, आणि त्यातून दिसणारं लक्षण किंवा तपासणीचा निकाल, अशी साखळी ठेवा. बाणांनी लिहा आणि प्रत्येक बाणावर "कारण" लिहा. बाणावर लिहायला काही सुचलं नाही, तर तेवढाच भाग पुस्तकात शोधा.

स्ट्रेप्टोकोकसचं उदाहरण सरावाला उत्तम आहे, कारण तिथून दोन साखळ्या फुटतात आणि विद्यार्थी हमखास त्यांची गाठ मारून टाकतात. घशाचा संसर्ग झाला, जिवाणूविरुद्ध अँटीबॉडी बनल्या, त्यांना हृदयातली प्रथिनं जिवाणूसारखीच वाटली, दोन ते चार आठवड्यांनी संधिवाती ताप: टाइप दोन. दुसरी साखळी: घशाचा किंवा त्वचेचा संसर्ग, अँटिजेन-अँटीबॉडीचे गठ्ठे, मूत्रपिंडात अडकले, लघवी गढूळ तांबूस, चेहरा सुजलेला, सी३ कमी: टाइप तीन. पहिलीत घसा महत्त्वाचा, दुसरीत घसा किंवा त्वचा. दोन्ही एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहा. वेगवेगळ्या दिवशी वाचल्यामुळेच त्या मिसळतात.

तीन दिवसांनी सगळं साफ

शिकलेलं किती भरभर निसटतं हे हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं. पण या विषयात खरी मेख वेगळी आहे. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ मधला प्रयोग आहे. पुन्हा-पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवलं. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र वाचन कमी करून न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. म्हणजे "वाचताना सगळं कळतं" ही भावना खोटी नसते, ती फक्त पाच मिनिटांपुरती खरी असते. पेपर महिन्याने असतो.

म्हणून उजळणी म्हणजे वाचन हे समीकरण सोडा. काट्याचं पान आज लिहा, परवा न बघता लिहा, पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहा. दरवेळी पाच-दहा मिनिटं पुरतात. आठवत नाही म्हणून अस्वस्थ वाटेल तेव्हा लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं तसंच बसा. त्या दोन मिनिटांत डोकं जे काम करतं ते वाचनात होत नाही, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

सोबत चुकांची वही ठेवा, पण तिच्यात बरोबर उत्तर लिहू नका. चुकीच्या पर्यायाने तुम्हाला का ओढलं ते लिहा. "सूज दिसली म्हणून टाइप एक म्हटलं, पण केसमध्ये दहा दिवस लिहिले होते", असं. महिन्याभराने वही चाळली की स्वतःची ठरावीक सवय दिसते. कोणी वेळ वाचायचं विसरतो, कोणी वय. कोणाला ओळखीचं नाव दिसलं की तो पुढचं वाक्य वाचतच नाही. परीक्षेत केस वाचताना वेळ सांगणाऱ्या शब्दांखाली आधी रेघ मारा, पर्याय नंतर बघा.

एवढं करूनही काट्याचं पान तीनदा एकाच जागी अडलं, तर अडचण इम्युनॉलॉजीच्या आधीची आहे. सूज लिहिताना अडत असाल तर केशवाहिनीतले दाब आणि प्रथिनांचं काम वाचा. काखेपर्यंत पोहोचत नसाल तर लसिकावाहिन्यांचा नकाशा घ्या. एमएचसीपाशी अडत असाल तर पेशीत प्रथिन कुठे बनतं आणि कुठून बाहेर जातं, ती दोन पानं वाचा. फक्त दोन. मग कोरा कागद घ्या आणि काटा पुन्हा बोटात घुसवा.